बिनवासाचा रंग

धाकट्या जावेनं गॅलरीतली गंजकी खुर्ची स्प्रेनं मोरपिशी केली, तेव्हापासून घरात तिचाच उदो उदो चाललाय. "रंग पाण्यातला आहे आई, पर्यावरणाला त्रास नाही आणि तुमच्या दम्यालाही नाही," म्हणत तिनं डबा थेट सासूबाईंच्या नाकाशी नेला. त्या काय गोड हसल्या! इतकी वर्षं त्यांना वाफ द्यायला मी उठतेय, माझ्याकडे बघून कधी अशा हसल्या नव्हत्या.

काल दोघी साडीखरेदीला गेल्या. मी तोच डबा घेतला आणि सासूबाईंचं पूजेला बसायचं स्टूल पॉलिश पेपरनं घासून, वर रंगाचे दोन हात देऊन नवं करून ठेवलं.

संध्याकाळी दोघी आल्या, पण कुणाला पत्ताच नाही. मेल्या रंगाला वासच नव्हता ना! ऑइलपेंट असता तर मी काय राबलेय ते जिन्यातच कळलं असतं. शेवटी सासूबाई दिवा लावायला देवापाशी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "शलाका, अगं स्टूलसुद्धा रंगवलंस? गुणाची गं बाई माझी!"

"मी नाही आई, वहिनींनी. त्यांचं बोट बघा ना."

डब्याचं बटण दाबून दाबून माझं बोट मोरपिशी झालं होतं. सासूबाईंनी ते हातात घेतलं आणि हसल्या, अगदी तशाच.

तिनं माझं श्रेय गपचूप खाल्लं असतं, तर मनातल्या मनात चार शिव्या तरी सुखानं घातल्या असत्या. आता चांगुलपणातही पहिला नंबर तिचाच.