मागे वळून बघायचं नाही

अस्थींची पुरचुंडी पाण्यात सोडून वेणीमाधव गुरुजी वळले आणि चालू लागले. एकदा सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही, हे त्यांनी गोदावरीच्या काठावर आजवर किती यजमानांना बजावलं असेल, त्याला गणती नाही. बघितलं की गेलेल्याचा पाय अडतो. आज यजमान ते स्वतःच होते आणि गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा, तनय, होता. लग्नाच्या वयाचा पोरगा, मोटारसायकल घसरल्याचं निमित्त झालं.

बाकीच्या अस्थी सकाळीच रामकुंडात गेल्या होत्या. एवढ्या चिमूटभर त्यांच्या पत्नीने, मालिनीबाईंनी, लाल फडक्यात बांधून मागे ठेवल्या. गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला, तनय चिकूला पोहायला आणायचा त्या वळणावर त्या सोडायच्या, असा त्यांचा हट्ट. आणि चिकूलाही न्यायचं.

"फाटकाकडे तोंड करून बसलाय नुसता," त्या म्हणाल्या होत्या. "दूधभाकरीला तोंड लावत नाही. त्यालाही कळू दे अहो, की तनय आता येणार नाही."

चिकू म्हणजे तनयचा चॉकलेटी लॅब्रॅडॉर. सोवळ्याच्या घरात कुत्रं आणलं म्हणून बापलेकांत महिनाभर अबोला होता, आणि घराचा उंबरा तर चिकूने अजून ओलांडलेला नव्हता. या जातीला पाण्याचं वेड, तनय सांगायचा. पाण्यात पडलेली वस्तू धन्याला आणून दिल्याशिवाय यांना चैन पडत नाही. तोंड इतकं हलकं, की अंडं धरलं तरी तडकत नाही. एकदा तनयने खरंच चिकूच्या तोंडात अंडं देऊन दाखवलं. ते अंगणात शाबूत आलं, पण घरात अंडं आलंच कसं म्हणून गुरुजींनी घर डोक्यावर घेतलं होतं.

मागे धप्पकन आवाज झाला.

"चिकू, अरे थांब," मालिनीबाई ओरडल्या. साखळी त्यांच्या हातातून निसटली होती.

गुरुजी थांबले, पण वळले नाहीत. पाणी कापत जाणारा आवाज लांब गेला, मग जवळ येऊ लागला. दगडांवर नखं वाजली. अंग झाडल्याचे शिंतोडे त्यांच्या पाठीवर उडाले. ज्या ओल्या वासाने ते नाक मुरडायचे, तो वास अगदी टाचांपाशी आला.

ते वळले.

चिकूने पुरचुंडी त्यांच्या पावलांवर ठेवली. फडकं चिंब झालं होतं, गाठ मात्र जशीच्या तशी होती. शेपटी हलत होती. तो मान वर करून शाबासकीची वाट बघत होता.

गुरुजी मटकन खडकावर बसले. सगळ्या विधींत कोरडा राहिलेला तो माणूस हमसून हमसून रडला. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी चिकूचं डोकं मांडीवर घेतलं.

"कान ओले राहिले की ठणकतात याचे," ते म्हणाले. "तनय आधी कान पुसायचा."

मालिनीबाईंनी पुरचुंडी उचलली. थोडा वेळ ती तशीच छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या.

"आता परत सोडायची ना?" त्यांनी विचारलं. "या वेळी मी धरते याला घट्ट."

गुरुजी दुसरा कान पुसत राहिले.

"आज नको," ते म्हणाले. "आत्ताच तर परत आलाय."