पाचवा पुल-अप

पाचव्या पुल-अपची अंगठी वाजली, पण तोवर ब्रिता बार सोडून खाली उतरली होती.

अंगठी तिच्या वडिलांची. ऑरिन जिमच्या लाकडी पायऱ्यांवर बसून मोजत होता, दर पुल-अपला सैनिकी अकादमीतून पदवी घेताना मिळालेली ती जाड अंगठी फळीवर टक्कन आपटत. तीस वर्षांत ती त्याच्या बोटातून निघाली नव्हती.

वेंडेलने हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. डाकोटातल्या त्या एवढ्याशा शाळेत विज्ञानही तोच शिकवायचा आणि खेळही. त्या अकादमीच्या प्रवेशासाठीच्या शारीरिक चाचणीचे आकडे त्यानेच भरायचे, खाली सही त्याचीच. आज त्याला काहीतरी खटकत होतं. गुडघ्यांवर बसून फेकलेला बास्केटबॉल ब्रिता एरवी साठ फुटांवर पोचवायची. आज पस्तीस. तेव्हा त्याला वाटलं, खांदा दुखत असेल. आता पुल-अप्स चार. गेल्याच आठवड्यात तिने त्याच्यासमोर अकरा काढले होते.

तिने खांदा धरला नव्हता. हात थरथरत नव्हते. श्वाससुद्धा वाढलेला नव्हता.

"एवढेच?" त्याने विचारलं.

"एवढेच, कोच."

गावाच्या लेखी ती अकादमीत पोचल्यातच जमा होती. हायवेवरच्या कॅफेने पाटीवरचे भाव पुसून तिचं अभिनंदन लिहिलं होतं. चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला एका म्हातारीने विचारलं होतं, "इतकी गुणी पोर! असं केलं तरी काय तिने, की सैनिकी शाळेत धाडताय?" वाह्यात पोरांना सुधारायच्या शाळा वेगळ्या, ही अकादमी वेगळी, इथे शंभरातले दहासुद्धा आत जात नाहीत, हे ऑरिन तिला अर्धा तास समजावत बसला होता. त्या सगळ्यात ब्रिता काय म्हणाली होती, ते वेंडेलला काही केल्या आठवेना.

ऑरिन पायऱ्या उतरून आला. "आज तिचा दिवसच वाईट आहे. तुला ठाऊक आहे ना, अकरा येतात तिला? मग अकरा लिही. खोटं थोडंच आहे ते!"

"तुमच्या अकादमीत असलं खोटं लिहिणाऱ्याला घरी पाठवतात ना रे?"

"आत गेल्यावर. ती अजून बाहेर आहे."

वेंडेलला हसू आलं, पण पेन हलेना. बापलेकींपैकी नक्की कोण कुणाला फसवतंय, हेच त्याला कळत नव्हतं. "बोल गं. लिहू अकरा?"

चार वर्षं ब्रिता शाळेची हवामानाची वही भरत होती. एका जानेवारीत तिने तापमान उणे एकतीस लिहिलं. कुणाचा विश्वास बसेना, वेंडेल स्वतःही म्हणाला, बघ बाई पुन्हा. तिने आकडा बदलला नव्हता. दिसलं ते लिहिलं, एवढंच म्हणाली होती.

"दिसलं ते लिहा, कोच," ती आताही म्हणाली.

ऑरिनचा चेहरा उतरला. "चार बघून तिथे कुणी तुझं नावसुद्धा पुढे वाचणार नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"मग काय झालंय तुला? येत नाहीत का आता अकरा?"

वेंडेलला आता उमगलं, तिला जायचंच नाहीये. एक 'नाही' म्हटलं की सुटत होती ती. बापाने खांद्याला शेक दिला असता, गाव हळहळलं असतं, कॅफेच्या पाटीवर पुन्हा भाव लागले असते. म्हण, नाही म्हण, असं तो मनातल्या मनात म्हणत राहिला.

ब्रिताने पकडीसाठी हातांना लावलेली पांढरी पावडर पँटला पुसली आणि वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं.

"येतात, डॅड. आजही आले असते."