मिळत नाही तो रोटर

आप्पांची जुनी गाडी महिन्यात चौथ्यांदा रुसली. मेकॅनिकने सुस्कारा टाकत बॉनेट उघडलं. आधी तीनदा वायर सैल निघाली होती. आज ठिणगी पुरवणारा रोटरच गायब! "काल जरा फाटकाला घासली, बाकी झकास चालली," आप्पा म्हणाले. फाटक त्यांना हल्ली दिसतच नव्हतं. पण डोळ्यांना दोष देतील ते आप्पा कसले! "झाली का सुरू माझी सवत?" काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. मेकॅनिकने पाहिलं, त्या साबणाने बोटांवरचं काळं ऑइल घासत होत्या. रोटर काढून खिशात टाकला की चोराच्या बापाकडूनही गाडी चालू होत नाही, हे त्यांना लग्नानंतर आप्पांनीच शिकवलं होतं. "हा पार्ट आता मिळत नाही, आप्पा," मेकॅनिकने थाप मारली. आप्पा थकून पायरीवर टेकले. किल्ली मेकॅनिकच्या हातावर ठेवत पुटपुटले, "मिळाला तरी सांगू नकोस."