डावा गुडघा

दुपारी रुचिकाला जाग आली तेव्हा बाहुली टेबलावर ताठ उभी होती आणि तिच्या वडिलांचा, आबांचा, चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा फुलला होता.

“पंखा पाचवर करेल शे,” आबा म्हणाले. “तरी पडस का दख.”

वीतभर उंचीची प्लॅस्टिकची मुलगी. अंगावर चिलखत, पाठीला यंत्राचे पंख. खोका उघडला तेव्हा नुसते सुटे भाग होते, चौकटीत अडकलेले. रुचिकाने बिछान्यातून नंबर सांगायचा, आबांनी नेलकटरने तो तुकडा सोडवायचा आणि टक्कन बसवायचा. मानेखाली रुचिकाचं काहीच हलत नव्हतं. आबांची राठ बोटं तांदळाएवढा तुकडा तीनदा पाडून चौथ्यांदा बसवत. “चुकनं, आबा!” ती ओरडायची, आणि स्वयंपाकघरात तिच्या आईला, शोभाबाईला, बरं वाटायचं. अपघातानंतर पोरगी पहिल्यांदाच कुणावर तरी डाफरत होती. असे एकवीस दिवस गेले.

आज बाहुलीला पळताना उभी करायची होती. त्यासाठीच तर ती मागवली होती. खांदे, कोपर, गुडघे, सगळं माणसासारखं वाकणारं. कोणता पाय पुढे, कोणता हात मागे, रुचिकाने पडल्या पडल्या ठरवून ठेवलं होतं. सकाळपासून ती दुसरं काही बोललीच नव्हती.

“चाल आबा. डावा गुडघा वाकाड.”

आबांनी बाहुली उचलली. गुडघा वाकेना. दुसराही वाकेना. खांदा, कोपर, मान, काहीच हलेना.

“सांधा ढिला व्हतात,” आबा म्हणाले. “तू झोपेल व्हती तवय दोनदा पडनी. मंग ठिबकना पाइपले लावतस ना, ते सोल्युशन लाई दिधं. समदा सांधासले.”

शेतातला माणूस. निसटता जोड दिसला की हात आपसूक पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याकडे जातो. आणि आबांनी लावलेला जोड कळसाडीच्या शिवारात आजवर कधी गळला नव्हता. तेच नडलं.

त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. काडकन आवाज झाला. अख्खा पाय मांडीपासून तुटून हातात आला. गुडघा सरळ तो सरळच.

शोभाबाई धावत आली. “दुसरी मंगाडू बेटा. आजच मंगाडू.”

“नको.”

“अवं, तशीच येई ना...”

“नको म्हनं ना, माय.”

आबा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. बापाला असं रडताना रुचिकाने कधी पाहिलं नव्हतं. आधी तिला त्यांचा राग आला, मग कीव आली. मग राग नाही, कीव नाही, काहीच वाटेना. ती छताकडे बघत राहिली. पंखा पाचवरच फिरत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

“ती पडाले नको, म्हनीसन करं मी,” आबा कसेबसे म्हणाले.

“पडू देवानी व्हती ना, आबा,” रुचिका म्हणाली. “तिले तरी परत उभी करता येती.”