तिसरं प्लॅस्टर

"मेली ती फरशीच निसरडी!" आईच्या मनगटाला प्लॅस्टर चढत असताना मुलगी शेजारी बसून पुटपुटत होती. वर्षभरात मोडलेलं हे तिसरं हाड. पहिल्या वेळी तिनं आईच्या चपला बदलल्या होत्या, दुसऱ्या वेळी न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. एकटी राहणाऱ्या आईनं मुकाट बसवू दिले.

"हाडं इतकी ठिसूळ कशानं झाली?" रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं. मुलीनं फॉर्म भरायला घेतला. 'दारू घेता का?' या प्रश्नापुढे तिनं नेहमीसारखंच, आईला न विचारता 'नाही' लिहिलं.

आईनं चांगल्या हातानं तिचं पेन धरलं.

"'हो' लिही गं. रिकाम्या बाटल्या तूच तर गुपचूप टाकून येतेस. एकदा तरी विचारशील, म्हणून वाट बघत होते."