अहो, बसनंच येऊ

“नवऱ्याच्या गाडीला अन् सासूच्या आमटीला नावं ठेवू नयेत गं,” पाठवणीच्या वेळी आत्या कानात बोलली होती. हेमलताबाईंनी ते तीस वर्षं पाळलं. भाऊसाहेब रिक्षावाल्यांशी भांडत गाडी दामटायचे. शेजारी बसलेल्या बाईंचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

या महिन्यापासून पेठांमध्ये मोटार न्यायला शुल्क लागलं, अन् दर पाच मिनिटांनी सुटणारी नवी बसही आली. गुरुवारी दोघं बसनं मंडईला निघाली. खिडकीतून वारा आला, तशी हेमलताबाईंच्या ओठांवर आईची जात्यावरची ओवी आली. वाटेवरचा बहरलेला बहावा त्यांना पहिल्यांदाच दिसला.

भाऊसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. “आज रामरक्षा नाही म्हटलीस? गाडीत बसलीस की उतरेपर्यंत म्हणतेस. गर्दीत तुझं चित्त लागत नाही, कळतं मला. जाऊ दे, भरू शुल्क. पुढच्या गुरुवारपासून आपली गाडीच काढतो, खास तुझ्यासाठी.”

बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

“अहो, तुम्ही गाडी चालवता म्हणूनच रामरक्षा म्हणते मी! बसनंच येऊ आपण.”