आजीचा जन्मदाखला

शनिवारी सकाळी अकरा वाजता फुटबॉल विश्वचषकात अमेरिका आणि आयर्लंडचे संघ मैदानात उतरले. मिलवॉकीतल्या बारमध्ये टीव्हीवर आयर्लंडचा अकरा नंबर दिसला, कोल्टन प्रूइट. त्याचे आजोबा वेंडेल अमेरिकेचा मफलर गळ्यात घालून समोरच बसले होते.

“काय हो वेंडेल, नातू पळाला की तुम्हीच पाठवला?” बारवाल्याने विचारलं.

“गद्दार आहे. आजी आयर्लंडची, एवढ्यावर तिकडचा झाला.”

“पण त्याला आजीचा मूळ जन्मदाखला लागतो म्हणे.”

वेंडेल यांचा कॉफीचा घोट तोंडातच राहिला. कोल्टनने दोन वर्षांपूर्वी तोच दाखला मागितला होता, आणि नातू अमेरिकेकडूनच खेळावा म्हणून त्यांनी ‘घर बदलताना हरवला’ असं सांगितलं होतं. दाखला होता त्यांच्या जुन्या तिकिटांच्या डब्यात, तळाशी. त्या डब्याला हात लावणारं दुसरं माणूस म्हणजे फक्त त्यांची बायको ब्रायडी.

ती शेजारीच होती. गेल्या सात विश्वचषकांसारखाच आजही तिच्या गळ्यात अमेरिकेचा मफलर होता.

अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं. मफलर दोन्ही हातांनी वर धरून सगळे उभे राहिले, ब्रायडीही. मग आयर्लंडचं लागलं आणि सगळे खाली बसले.

ब्रायडी उभीच राहिली.